अमेरिकेत एमएस झाल्यावर नोकरीची परवानगी: नागपूरच्या विद्यार्थ्यांचे आणि पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्हीएनआयटी, रामदेवबाबा, वायसीसीई अशा कॉलेजांतून बीई-बीटेक करून नागपूरची बरीच मुलं एमएससाठी अमेरिकेला जातात. जाताना घरात बोलणं होतं ते प्रवेशाचं, कर्जाचं आणि व्हिसाचं. शिक्षण संपल्यावर नोकरी कोणत्या कागदाच्या आधारावर करायची, हा विषय शेवटच्या सेमिस्टरला निघतो. तोवर काही तारखा तोंडावर आलेल्या असतात आणि एखादी हातची गेलेलीही असते. ही परवानगी विद्यार्थ्याच्या नावावर मिळते, कंपनीच्या किंवा एजंटच्या नावावर नाही. म्हणून तिच्या तारखा त्यानेच सांभाळायच्या असतात आणि नागपुरात बसलेल्या आईवडिलांनाही त्या ठाऊक असाव्यात. खालचे प्रश्न त्यासाठी घेतले आहेत.

ओपीटी म्हणजे नेमकं काय?

ऑप्शनल प्रॅक्टिकल ट्रेनिंग. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर शिकणाऱ्याला आपल्या विषयाशी संबंधित काम करण्यासाठी मिळणारी तात्पुरती परवानगी. किमान एक पूर्ण शैक्षणिक वर्ष शिकून झालेलं असलं पाहिजे. मुदत १२ महिने, आणि ती पदवीच्या पातळीनुसार मिळते: बॅचलर्सनंतर एकदा, मास्टर्सनंतर एकदा, पीएचडीनंतर एकदा. एक एमएस झाल्यावर दुसरं एमएस केलं तर आणखी १२ महिने मिळत नाहीत, हे अनेकांना उशिरा कळतं.

ओपीटी हा वेगळा व्हिसा नाही. स्टेटस एफ-१च राहतं, आय-२० (युनिव्हर्सिटी विद्यार्थ्याला देते तो अधिकृत कागद) त्याच युनिव्हर्सिटीचा राहतो. हातात येतं ते ईएडी नावाचं, कामाच्या परवानगीचं कार्ड. त्यावर सी०३बी असा कोड असतो आणि दोन तारखा असतात, कधीपासून आणि कधीपर्यंत. पुढे येणारे अपवाद सोडले तर त्या दोन तारखांच्या बाहेर एक दिवसही काम करायचं नाही, ऑफर लेटर हातात असलं तरी.

अर्ज कधी करायचा? पदवीदान झाल्यावर?

पदवीदानाच्या तारखेचा इथे काही संबंध नाही. बघायची ती आय-२०वर छापलेली प्रोग्राम संपण्याची तारीख. त्या तारखेच्या ९० दिवस आधीपासून ६० दिवस नंतरपर्यंत अर्ज करता येतो. समजा ती तारीख १५ मे आहे. मग खिडकी उघडते १४ फेब्रुवारीला आणि बंद होते १४ जुलैला. आईवडील पदवीदानाला जाऊन आले, सगळे नायगारा बघून परतले, आता निवांत अर्ज करू, असं म्हणण्याइतका वेळ त्यात नसतो.

क्रम असा आहे. आधी युनिव्हर्सिटीच्या इंटरनॅशनल ऑफिसात डीएसओकडे, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्याकडे, विनंती करायची. डीएसओ सेविस या सरकारी यंत्रणेत शिफारस नोंदवतात आणि नवा आय-२० देतात, ज्याच्या दुसऱ्या पानावर ओपीटीची नोंद असते. त्यानंतर विद्यार्थी यूएससीआयएस या अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याकडे आय-७६५ हा फॉर्म भरतो. इथे एक अट लपलेली आहे: डीएसओंनी शिफारस नोंदवल्यापासून ३० दिवसांच्या आत अर्ज यूएससीआयएसला मिळालाच पाहिजे. म्हणजे ६० दिवसांची खिडकी उघडी असली तरी हे ३० दिवस उलटले की अर्ज नामंजूर होतो. शिफारस घेऊन ठेवली आणि परीक्षेच्या गडबडीत फॉर्म राहून गेला, अशा वेळी पहिलं काम म्हणजे डीएसओकडे जाऊन खिडकी उघडी असताना नवी शिफारस घेणं.

सुरुवातीची तारीख कोणती मागावी?

सगळ्यात जास्त विचार करावा असा प्रश्न हाच, आणि मुलं तो मित्राला विचारून दोन मिनिटांत उरकतात.

प्रोग्राम संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून ६० दिवसांच्या आतली कोणतीही तारीख मागता येते. वरच्या उदाहरणात १६ मे ते १४ जुलै. नोकरी हातात असेल तर जॉइनिंगच्या थोडी आधीची तारीख घ्यावी, म्हणजे कार्ड वेळेवर आलं की लगेच रुजू होता येतं. नोकरी नसेल तर गणित उलटं होतं. बेकारीचे दिवस मोजायला सुरुवात होते ती ओपीटी सुरू झाल्यावर. १४ जुलै मागितली तर मे-जूनमधले दिवस त्यात धरले जात नाहीत. शोधायला जवळजवळ दोन महिने जास्त मिळतात. त्याची किंमतही आहे: त्या दोन महिन्यांत नोकरी मिळाली तरी १४ जुलैपर्यंत काम सुरू करता येत नाही, आणि थांबायला तयार नसलेली कंपनी हातची जाऊ शकते.

तारीख मागून अर्ज गेल्यावर ती बदलून घेणं कठीण असतं. त्यामुळे आय-७६५ भरण्याआधी एक संध्याकाळ काढून, कॅलेंडर समोर ठेवून, घरच्यांशी फोनवर बोलून ठरवावं. घरच्यांशी अशासाठी की या तारखेवर कर्जाचा पहिला हप्ता कोण भरणार हेही अवलंबून असतं.

फी किती आणि वेळ किती लागतो?

१ एप्रिल २०२४ पासून ऑनलाइन अर्जाला ४७० डॉलर आणि कागदी अर्जाला ५२० डॉलर असे दर लागू झाले. भरताना यूएससीआयएसच्या संकेतस्थळावरचा त्या दिवशीचा दर बघून घ्यावा. लागणारा वेळ काही आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंत बदलत राहतो. जादा फी भरून आय-९०७ फॉर्मने प्रीमियम प्रोसेसिंग मागता येतं, त्यात ३० कामकाजाच्या दिवसांत उत्तर येतं. जॉइनिंगची तारीख ठरलेली असेल तर हा खर्च परवडतो. नुसत्या काळजीपोटी करू नये.

कार्ड कुठे येतं?

टपालाने, अर्जात दिलेल्या अमेरिकेतल्या पत्त्यावर. इथे फार मुलं अडकतात. चार जण मिळून घेतलेल्या अपार्टमेंटची लीज मे किंवा जुलैमध्ये संपते, प्रत्येक जण वेगळ्या गावाला जातो आणि कार्ड जुन्या पत्त्यावर पोहोचतं. हे टपाल नव्या पत्त्याकडे वळवलं जाईल असं धरून चालू नये, ते सहसा पाठवणाऱ्याकडे परत जातं. पुढचे चार महिने जिथून हलणार नाही अशा नातेवाइकाचा किंवा मित्राचा पत्ता 'द्वारा' म्हणून द्यावा, आणि टपालपेटीवर आपल्या नावाची चिठ्ठी लावायला सांगावी. पेटीवर नाव नसलं तर पोस्टमन पाकीट परत नेतो. घर बदललंच तर यूएससीआयएसलाही पत्ता कळवायचा आणि युनिव्हर्सिटीलाही. एकाला कळवलं म्हणजे दुसऱ्याला कळलं असं होत नाही.

फोटोबद्दल एक: व्हिसासाठी धरमपेठेत काढलेला जुना फोटो परत वापरू नये. फोटो अलीकडचा, दोन इंच बाय दोन इंच मापाचा लागतो.

नोकरी मिळाली नाही तर किती दिवस राहता येतं?

एकूण ९० दिवस. शनिवार-रविवार धरून, आणि सलग नाही तर सगळे मिळून. पहिल्यांदा ५० दिवस गेले, मग नोकरी लागली, ती सुटली, तर दुसऱ्या वेळी ४०च उरतात. नोकरी नसताना नागपूरला येऊन राहिलात तरी मोजणी थांबत नाही. नोकरीत असताना कंपनीने मंजूर केलेल्या रजेवर आलात तर ते दिवस धरत नाहीत.

नोकरी लागली एवढं पुरत नाही, ती नोंदवावीही लागते. कंपनीचं नाव, पत्ता, रुजू झाल्याची तारीख, कामाचा आपल्या विषयाशी संबंध, हे सगळं सेव्हिप या परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी पोर्टलवर किंवा डीएसओमार्फत १० दिवसांत भरायचं. नोंद नसेल तर सरकारी यंत्रणेला तुम्ही बेकारच दिसता. मे २०२५ मध्ये अशा नोंद नसलेल्या विद्यार्थ्यांना, सुधारणा करा नाहीतर सेविस रेकॉर्ड बंद होईल, अशी पत्रं गेली होती. त्यात प्रत्यक्ष नोकरी करणारेही असू शकतात, फक्त पोर्टल उघडायचं राहिलेलं असतं. पोर्टलचा ईमेल स्पॅममध्ये जातो, तिथे बघावं.

कोणतं काम चालतं?

आठवड्याला किमान २० तास, आणि शिकलेल्या विषयाशी थेट संबंध असलेलं. सिव्हिलवाल्याने बांधकाम कंपनीत साइट इंजिनियर म्हणून काम केलं तर चालतं, पेट्रोल पंपावर किंवा ओळखीच्या हॉटेलात काउंटरवर बसलेलं चालत नाही. पहिल्या १२ महिन्यांत बिनपगारी काम, एकापेक्षा जास्त कंपन्यांचं काम, स्वतःचा व्यवसाय हेही विषयाशी संबंध असेल आणि कामगार कायद्यात बसत असेल तर मान्य आहे. नोकरी मिळेपर्यंत प्रोफेसरांच्या लॅबमध्ये २० तास विनावेतन काम करून ९० दिवसांचं घड्याळ थांबवणं हा अनेकांनी वापरलेला सरळ आणि नियमात बसणारा मार्ग आहे. प्रोफेसरांचं पत्र मात्र घ्यावं, तासांसकट.

स्टेमची आणखी दोन वर्षं सगळ्यांना मिळतात का?

नाही. विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनियरिंग, गणित यांच्या सरकारी यादीत तुमचा अभ्यासक्रम असेल तर २४ महिन्यांची वाढ मिळते. २००८ मध्ये ही वाढ १७ महिन्यांची होती, मे २०१६ पासून २४ झाली. म्हणजे १२ अधिक २४, एकूण तीन वर्षं.

अभ्यासक्रमाच्या नावावर जाऊ नका, आय-२०वरचा सीआयपी कोड, म्हणजे अभ्यासक्रमाचा सरकारी क्रमांक, बघा. कॉम्प्युटर सायन्सचा ११.०७०१ यादीत आहे. साध्या एमबीएचा ५२.०२०१ नाही, पण मॅनेजमेंट सायन्सचा ५२.१३०१ आहे. दोन युनिव्हर्सिट्यांचे 'बिझनेस अॅनालिटिक्स' वेगवेगळ्या कोडखाली असू शकतात. हे प्रवेश घेण्याआधी विचारायचं असतं. रामदासपेठेतल्या काउन्सेलरच्या टेबलावर माहितीपत्रक उघडलं की रँकिंगच्या आधी हा कोड विचारा. दोन वर्षांच्या फरकाचा प्रश्न आहे.

वाढीच्या अटी कडक आहेत. कंपनी ई-व्हेरिफाय या कामाची परवानगी तपासणाऱ्या सरकारी यंत्रणेत नोंदलेली हवी, पगार मिळालाच पाहिजे, आणि कंपनीसोबत आय-९८३ हा प्रशिक्षणाचा आराखडा भरून सही करायची. दर सहा महिन्यांनी माहिती बरोबर असल्याची खात्री द्यायची, वर्षाने आणि शेवटी स्वतःचं मूल्यमापन डीएसओला द्यायचं. बेकारीचे ६० दिवस आणखी मिळतात, पहिल्यासह एकूण १५०. अर्ज पहिली ओपीटी संपायच्या ९० दिवस आधीपासून ती संपेपर्यंत, आणि डीएसओंच्या शिफारशीपासून ६० दिवसांच्या आत. वेळेत केलेला अर्ज पडून असला तरी जुन्या कार्डावर १८० दिवसांपर्यंत काम करता येतं.

एक कन्सल्टन्सी म्हणते, पैसे भरा, ओपीटीवर नोकरी 'दाखवून' देतो. भरावे का?

भरू नका. यावर थोडं सविस्तर लिहितो, कारण घाबरलेल्या मुलाला आणि कर्जाचा हप्ता डोळ्यांसमोर असलेल्या बापाला हा सौदा त्या क्षणी बरा वाटतो.

होतं ते असं. ९० दिवसांतले साठ-सत्तर गेलेले असतात. कुणीतरी व्हॉट्सॲपवर नंबर देतं. पलीकडचा माणूस गोड बोलतो, कधी मराठीतही बोलतो. काही डॉलर घेऊन ऑफर लेटर देतो, कागदावर नोकरी सुरू होते, घड्याळ थांबल्यासारखं दिसतं. प्रत्यक्षात काम नाही, पगाराची स्लिप नाही, मॅनेजर नाही. पुढे मुलगा एच-१बी या नोकरीच्या व्हिसासाठी किंवा ग्रीन कार्डसाठी अर्ज करतो, तेव्हा त्या महिन्यांच्या वेतनपावत्या आणि डब्ल्यू-२ (कंपनीने दिलेलं वर्षाच्या पगाराचं आणि कराचं पत्रक) मागितले जातात. नसले तर ते खोटी माहिती दिल्याचं प्रकरण बनतं, आणि तो शिक्का जन्मभर व्हिसाच्या आड येऊ शकतो. बेकारीचे दिवस संपल्यामुळे परत येणारा मुलगा नव्या कोर्ससाठी किंवा नोकरीसाठी पुन्हा व्हिसा मागू शकतो. खोट्या कागदावर राहिलेल्याचा तो रस्ताच बंद होतो.

'पहिल्या दिवसापासून सीपीटी', म्हणजे शिकत असतानाच काम करण्याची परवानगी, देणाऱ्या कॉलेजांबाबतही तेवढंच सावध राहा. मिशिगनमधलं 'युनिव्हर्सिटी ऑफ फार्मिंग्टन' हे अमेरिकी सरकारनेच सापळा म्हणून उभं केलेलं बनावट विद्यापीठ होतं. २०१९ मध्ये ते उघड झालं, आणि त्यात अडकलेल्या शेकडो विद्यार्थ्यांमध्ये बहुतेक भारतीय होते. शिवाय शिकत असताना पूर्णवेळ सीपीटी १२ महिने किंवा जास्त वापरली तर त्या पातळीची ओपीटीच जाते.

खरी कंपनी ओळखायला एक साधी कसोटी: ती तुम्हाला पैसे देते, तुमच्याकडून घेत नाही.

ओपीटीवर असताना दिवाळीला किंवा बहिणीच्या लग्नाला नागपूरला येता येईल का?

येता येईल, कागद पूर्ण असतील तर. वैध पासपोर्ट, वैध एफ-१ व्हिसा, ईएडी कार्ड, नोकरीचं पत्र, आणि आय-२०च्या दुसऱ्या पानावर डीएसओंची सहा महिन्यांच्या आतली प्रवासाची सही. भारतीय विद्यार्थ्यांना एफ-१ सहसा पाच वर्षांचा मिळतो, त्यामुळे एमएसनंतर पहिली काही वर्षं प्रश्न येत नाही. तरी पासपोर्ट उघडून शिक्क्यावरची तारीख बघाच.

व्हिसा संपला असेल तर विचार बदला. सप्टेंबर २०२५ पासून मुलाखतीची सूट बऱ्याच अंशी काढून घेतली आहे आणि आपल्याच देशात अर्ज करायला सांगितलं जातं. आपल्यासाठी म्हणजे मुंबई: आधी बोटांचे ठसे, मग बीकेसीतल्या वकिलातीत मुलाखत. दुरांतोने रात्रीत जाता येतं, समृद्धीने दिवसात, अडचण मुलाखतीची तारीख मिळण्याची आहे. जून २०२५ पासून एफ व्हिसाच्या अर्जदारांना सोशल मीडियाची खाती सर्वांना दिसतील अशी ठेवावी लागतात. तीन आठवड्यांच्या रजेत हे सगळं बसेल असं धरून तिकीट काढू नये. अर्ज पडून आहे, कार्ड आलेलं नाही, नोकरीही नाही, अशा स्थितीत तर प्रवास टाळावाच. बहीण दोन दिवस रुसेल, पण परतीच्या विमानतळावर अडवलं जाण्यापेक्षा ते बरं.

पगारातून सोशल सिक्युरिटी कापली जाते ती बरोबर आहे का?

बहुतेक वेळा नाही. एफ-१वरच्या विद्यार्थ्याला पहिली पाच कॅलेंडर वर्षं करासाठी अनिवासी मानतात, आणि त्या काळात सोशल सिक्युरिटी व मेडिकेअर मिळून ७.६५ टक्के कापायचे नसतात. वर्षाला ८०,००० डॉलर पगार असेल तर ही रक्कम ६,१२० डॉलर होते, म्हणजे नागपुरातल्या कर्जाचे कित्येक हप्ते. लहान कंपन्यांच्या पेरोलवाल्यांना हे माहीत नसतं. पहिल्या पगाराची स्लिप नीट वाचा, कापलं असेल तर कंपनीकडे परत मागा, तिथे झालं नाही तर फॉर्म ८४३ने आयआरएस या अमेरिकेच्या कर खात्याकडे.

रिटर्न भरायचं ते १०४०-एनआर. भारत-अमेरिका कर कराराच्या कलम २१ मुळे भारतीय विद्यार्थ्याला स्टँडर्ड डिडक्शन घेता येतं, जे बाकी बहुतेक देशांच्या विद्यार्थ्यांना मिळत नाही. नेहमीची लोकप्रिय सॉफ्टवेअर निवासी समजून १०४० भरतात, तिथे चूक होते.

कर्जाचे हप्ते कधी सुरू होतात?

बँकेच्या मंजुरीपत्रात लिहिलेलं असतं. कोर्स अधिक एक वर्ष किंवा कोर्स अधिक सहा महिने, असे प्रकार आढळतात. सहा महिन्यांचा असेल तर ओपीटीची पहिली तिमाही बेकारीत गेली की हप्ता दारात उभा राहतो. नागपूरच्या शाखेत आधीच जाऊन बोलावं. हप्ता चुकल्यावर बोलण्यात सहकर्जदार असलेल्या वडिलांचा सिबिल खराब होतो. व्याजावरची करवजावट जुन्या कररचनेतच मिळते, आठ वर्षांपर्यंत.

एच-१बी लागला नाही तर?

वर्षाला ६५,००० जागा, अमेरिकेत मास्टर्स झालेल्यांसाठी आणखी २०,०००. नोंदणी मार्चमध्ये कंपनी करते. स्टेमवाल्याला सहसा तीन वेळा संधी मिळते, बाकीच्यांना एकदा, फार तर दोनदा. २०२६च्या निवडीपासून जास्त पगाराच्या पातळीला जास्त संधी देण्याची पद्धत आली आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर झालेल्या एक लाख डॉलरच्या शुल्काने घराघरांत घबराट झाली, पण ऑक्टोबर २०२५ मधल्या यूएससीआयएसच्या खुलाशानुसार देशातच राहून एफ-१वरून एच-१बीवर स्टेटस बदलणाऱ्याला ते लागू नाही. ओपीटी चालू असताना असा अर्ज दाखल झाला तर कामाची परवानगी पुढच्या १ एप्रिलपर्यंत किंवा एच-१बी सुरू होईपर्यंत वाढते, जे आधी येईल ते.

काहीच जमलं नाही तर ओपीटी संपल्यावर आवराआवर करायला ६० दिवस असतात. त्यात काम करता येत नाही. हे दिवस ३०वर आणण्याचा आणि एफ-१च्या मुक्कामाला ठरावीक मुदत घालण्याचा प्रस्ताव ऑगस्ट २०२५ मध्ये आला, म्हणून त्या काळात डीएसओंशी बोलूनच तारखा ठरवा.

लग्न करून नेलेल्या बायकोला नोकरी करता येते का?

एफ-२वर, म्हणजे विद्यार्थ्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, नाही. स्थळ बघताना मुलीकडच्यांना हे स्पष्ट सांगावं. इथे मिहानमध्ये चांगली नोकरी करणारी मुलगी तिकडे जाऊन वर्षानुवर्षं घरात बसते, आणि आपल्याला आधी कुणी सांगितलंच नाही याचं दुःख तिला जास्त असतं.

दुसऱ्या देशांत काय आहे?

जर्मनीत पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात. ब्रिटनमध्ये दोन वर्षं, पण १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना १८ महिने, पीएचडीवाल्यांना तीन वर्षं. कॅनडात कोर्सप्रमाणे तीन वर्षांपर्यंत.

आईवडिलांनी इथे काय सांभाळून ठेवावं?

आजवरचे सगळे आय-२०, जुने धरून. ईएडी कार्डाची दोन्ही बाजूंची झेरॉक्स. पासपोर्ट-व्हिसाची प्रत, प्रत्येक ऑफर लेटर, पगाराच्या स्लिपा, डब्ल्यू-२, आय-९८३ची सही झालेली प्रत. एक कागदी फाइल घरी, एक ईमेलवर. आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर चार तारखा लिहून ठेवा: प्रोग्राम संपण्याची, ओपीटी संपण्याची, स्टेमच्या अर्जाची खिडकी उघडण्याची, व्हिसा संपण्याची. मुलाशी रविवारी फोनवर बोलताना जेवलास का विचारून झालं की त्यातली पुढची तारीखही विचारा.